वस्तीत कॅमेरा आला तर : सेक्स वर्कर महिलांनी मुलाखत द्यावी का, कशी, कुठवर?

मधली_आळी | बुधवार, दुपारी ३:१२

नमस्कार मंडळी. बुधवार पेठेतल्या बायकांसोबत मी आरोग्याचं काम करते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण धागा संस्थेसाठी नाही. बायकांनी एक कागद मागितलाय, त्यासाठी आहे.

गणपती तोंडावर आलेत. त्या दिवसांत सगळी चॅनेलं दगडूशेठच्या आसपास ठाण मांडून असतात. दोन लाइव्हच्या मधे वेळ मिळाला की कुणाला तरी सुचतं, "पलीकडेच ती वस्ती आहे, एक बाइट घेऊन येऊ." पुढे भाऊबीज, १ डिसेंबरचा एड्स दिन, ८ मार्च. आमच्या आळीत पत्रकारांचंही पंचांग चालतं.

कुणाशी बोलायचंच नाही, असं बायकांचं म्हणणं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वस्ती ठप्प झाली तेव्हा त्या भरपूर बोलल्या. त्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा द्यायला सांगितलं, नोव्हेंबरात राज्य सरकारने महिना ५००० रुपयांची मदत जाहीर केली. आपण बोललो म्हणून कुणीतरी ऐकलं, असं त्या आजही मानतात. पण त्याच काळातले फोटो अजून फिरताहेत, आणि भलत्याच बातम्यांना लागताहेत, हेही त्यांना दिसतं.

अडचण अशी की सगळं दारातच ठरतं. माइक तोंडाशी, मागे चार पोरं उभी, गिऱ्हाईक पळालेलं, आणि "ताई दोनच मिनिटं". अशा वेळी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, दोन्ही घाईतलं. म्हणून पहिला नियम मला सुचतो तो हा : दारात उत्तर द्यायचं नाही. नाव, कुठल्या पेपरचे किंवा चॅनेलचे, फोन नंबर आणि विषय एवढं घ्यायचं आणि "उद्या सांगते" म्हणायचं. ज्याला उद्यापर्यंत थांबता येत नाही त्याला बहुतेक वेळा आपण नको असतो, आपल्या दाराचं चित्र हवं असतं.

कागद वाचून दाखवायचा आहे, बऱ्याच जणी वाचत नाहीत. मराठीत झाला की कन्नड, तेलुगू, बंगाली, नेपाळीत करू. त्यात काय असावं, सांगा. पत्रकार, वकील, कॅमेरावाले कुणी असाल तर जास्त बरं.

जुना_डेस्क | बुधवार, सायं. ६:४०

बरीच वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो, आता निवृत्त आहे. आतली गोष्ट सांगतो, ती बाहेर कुणाला ठाऊक नसते.

तुमच्या दारात आलेला बातमीदार जो शब्द देतो तो बहुतेक वेळा मनापासून देतो. पण मथळा तो देत नाही, डेस्क देतं, म्हणजे ऑफिसात बसून मजकूर तपासणारी, पान लावणारी माणसं. फोटो तो निवडत नाही. फोटोखालची ओळ रात्री अकराला कुणीतरी तिसराच लिहितो. पुरवणीत गेलेला मजकूर वेबसाइटची माणसं उचलतात, त्याचं पोस्टर करून इन्स्टावर टाकतात, आणि त्यांना "चेहरा नको" हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून अट तोंडी घालू नका. व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा : "नाव नको, फोटो नको, इमारत नको, फक्त छापील अंकासाठी." आणि त्याच्याकडून "ठीक आहे" असं लिहून घ्या. तो मेसेज तो पुढे डेस्कला ढकलू शकतो, आणि उद्या भांडण झालं तर तुमच्या हातात काहीतरी असतं.

दुसरं म्हणजे फाइल फोटो. धागाकर्तीने ओझरता उल्लेख केलाय, पण माझ्या मते हे सगळ्यात मोठं दुखणं आहे. एकदा काढलेला फोटो संग्रहात जातो आणि त्याला नाव पडतं "बुधवार पेठ". तीन वर्षांनी छाप्याची बातमी येते, रात्रपाळीचा पोरगा "बुधवार पेठ" शोधतो, तुमचा शिधा घेतानाचा फोटो सापडतो, लागतो. कुणाचा वाईट हेतू नसतो. त्यामुळे फोटो द्यायचाच असेल तर विचारा, "हा फोटो दुसऱ्या बातमीला वापरणार नाही, असं त्याच्या माहितीत लिहून ठेवाल का?" चांगला छायाचित्रकार लिहितो. न लिहिणाऱ्याला फोटो देऊ नका.

तिसरं, "हे छापू नका" हे आधी सांगायचं. सगळं बोलून झाल्यावर "हे ऑफ द रेकॉर्ड हं" म्हटलं तर पत्रकारावर त्याचं बंधन नाही. काही पाळतात, काही नाही.

लेख आधी वाचायला मागू नका, कुणी देत नाही. पण "माझ्या तोंडची वाक्यं फोनवर वाचून दाखवा" हे मागता येतं, आणि द्यायलाही हरकत नसते.

पर्वतीपायथा | बुधवार, सायं. ७:०५

वाचनखूण साठवली. डेस्ककाका, हे कुठल्याच पत्रकारितेच्या वर्गात सांगत नाहीत.

कोथरूडकर_अण्णा | बुधवार, रात्री ८:२२

स्पष्ट लिहितो, राग नसावा. हा धागा म्हणजे पत्रकारांना वस्तीबाहेर ठेवायची शिकवणी वाटतेय. तिथे अल्पवयीन मुली आणल्या जातात, हे काय बातमी न होता कळलं का? सगळंच झाकायचं तर फायदा कुणाचा? कुंटणखाना चालवणाऱ्या घरवाल्यांचा आणि दलालांचा.

मधली_आळी | बुधवार, रात्री ८:५०

अण्णा, राग नाही. लहान मुलगी दिसली तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन आम्हीच करतो, पत्रकार यायची वाट बघत नाही. आणि तिची ओळख छापणं मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसारच गुन्हा आहे, त्यामुळे तिथे तर कॅमेऱ्याने आणखी जपून राहायला हवं. मी बोलतेय ते सज्ञान बायकांबद्दल. बातमी होऊ द्या. बातमीत बाई सापडायला नको, इतकंच.

नाव_नको | बुधवार, रात्री ११:५८

ताईनी सांगितलं म्हणून लिहिते. बोलून टाइप होतंय, चुका असतील.

मी इथंच राहते. एका चॅनेलच्या मॅडमना बाइट दिला होता. ओढणी घेतली होती, नाक डोळे काही दिसत नव्हतं. पण माझ्या हातावर आईचं नाव गोंदलंय. ते मोठ्ठं दिसलं. भावाचा फोन आला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, हात तरी झाकायचा. तेव्हापासून गावच्या जत्रेला गेले नाही.

माझ्या मैत्रिणीचं वेगळं झालं. तिचं काहीच दिसलं नाही, पण जिना दिसला. तसल्या रंगाचा जिना आळीत एकच. घरवालीनं विचारलं कोण बोललं. तिला खोली सोडावी लागली. पत्रकार गेला, त्याला काय.

आणि सगळे एकच विचारतात, या धंद्यात कशी आलीस. मी एकाला विचारलं, तुम्ही पत्रकारितेत कसे आलात. तो हसला. मला खरंच ऐकायचं होतं.

आम्हाला बोलायचं नसतं असं नाही. पाण्याचं बोलायचंय, मुलांच्या शाळेच्या दाखल्याचं बोलायचंय, कोण हप्ता मागतं ते बोलायचंय. ते कुणी विचारत नाही. विचारलं तरी बातमीत येत नाही. रडलेलं येतं.

पर्वतीपायथा | गुरुवार, सकाळी ७:३०

अण्णा, वाचताय ना?

काळा_कोट | गुरुवार, सकाळी १०:१५

कायद्याचं लिहितो. थोडं लांबेल.

सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, खाजगीत देहविक्रय करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हे पुन्हा सांगितलं. पण १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, ज्याला पेपरवाले पिटा म्हणतात, त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ सगळं गुन्हा आहे. कुंटणखाना चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या देहविक्रयाच्या कमाईवर जगणं (कलम ४), देवळापासून किंवा शाळेपासून २०० मीटरच्या आत धंदा (कलम ७), रस्त्यात खुणावून बोलावणं (कलम ८). आता बुधवार पेठेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. २०० मीटरमध्ये देऊळ नाही अशी एक खोली दाखवा मला.

याचा मुलाखतीशी काय संबंध? सरळ आहे. कॅमेऱ्यासमोर सहज बोललेलं वाक्य पोलिसांच्या कागदात जाऊ शकतं. "मी आणि माझी मैत्रीण मिळून खोली चालवतो", असं साधं वाक्य घ्या. दोघींच्या फायद्यासाठी वापरलेली जागासुद्धा कायद्याच्या व्याख्येत कुंटणखाना ठरू शकते. "माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, माझ्याच पैशावर शिकतोय" हे तर आई अभिमानाने सांगते. कलम ४ मध्ये अठरा वर्षांवरचा, जाणूनबुजून त्या कमाईवर जगणारा कुणीही येतो. प्रत्यक्षात अशा मुलावर खटला भरतीलच असं मी म्हणत नाही. पण धमकावायला तेवढं पुरतं. इमारत ओळखू आली तर कलम १८ खाली ती रिकामी करून बंद करायची कारवाईही होऊ शकते. जिन्याच्या रंगाची गोष्ट म्हणून मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

तेव्हा न बोलायच्या गोष्टी : खोली कुणाची, भाडं किती आणि कुणाला, किती जणी राहतात, घरवाली कोण, पैसे कुठे जातात, मोठी मुलं काय करतात. हप्त्याबद्दल बोलायचंच असेल तर एकटीने नाही, आकडा आणि नाव घेऊन नाही. सगळ्याजणी मिळून, संघटनेच्या नावाने.

आता तुमच्या बाजूचं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात निर्देश दिले. अटक, छापा, सुटका यांच्या वेळी सेक्स वर्कर महिलांची ओळख उघड होणार नाही याची माध्यमांनी अतोनात काळजी घ्यावी, तसे फोटो छापू किंवा दाखवू नयेत, आणि यासाठी प्रेस कौन्सिलने मार्गदर्शक सूचना काढाव्यात, असं त्यात आहे. सुटकेच्या कारवाईचं चित्रण म्हणून गिऱ्हाइकासोबतची दृश्यं दाखवणाऱ्यांवर दंडसंहितेचं ३५४ क लावा, असंही आहे. आता तेच न्यायसंहितेचं कलम ७७.

मात्र गल्लीतून चालताना कुणी मोबाइलवर शूट केलं तर ७७ सहज लागत नाही, ते खाजगी कृतीच्या चित्रणाबद्दल आहे. खोलीत घुसून किंवा लपवलेल्या कॅमेऱ्याने केलं तर गोष्ट वेगळी.

आणि अण्णांसाठी एक. बाईची चालचलणूक कशीही असो, तिच्या खाजगीपणावर कुणालाही घाला घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध मर्डीकर या खटल्यात सांगून तीस वर्षांवर झाली. खटला आपल्याच राज्यातला, एका पोलीस निरीक्षकाचा.

कोथरूडकर_अण्णा | गुरुवार, सकाळी ११:४०

वाचतोय. मुलाचं कलम ४ ठाऊक नव्हतं. पण एक मुद्दा सोडत नाही. हप्ता कोण घेतं हे "संघटनेच्या नावाने" गोलगोल सांगितलं तर बातमी बनेल कशी? नाव घेतल्याशिवाय कुणाचं काही हलत नाही या देशात.

जुना_डेस्क | गुरुवार, दुपारी १२:३०

अण्णा, नाव शोधणं बातमीदाराचं काम. बाईने दिशा दाखवावी, पुरावा त्याने गोळा करावा. तिच्या एका वाक्यावर सगळी बातमी उभी करणारा आळशी असतो, आणि बातमी पडली की दोष तिच्या माथी मारतो.

टाइमलाइन | गुरुवार, दुपारी २:०८

व्हिडिओ एडिटर आहे. ब्लर वगैरेवर जास्त विसंबू नका, हे सांगायला आलोय.

डोळ्यांवरची काळी पट्टी म्हणजे काहीच नाही. आईला लेक हनुवटीवरून कळते. चेहऱ्याचा ब्लर आम्ही एडिटिंगमध्ये टाकतो, म्हणजे मूळ फुटेज स्पष्टच असतं, ते कार्डवर असतं, ऑफिसच्या सर्व्हरवर असतं, चार जणांच्या हाताखालून जातं. एखाद्या फ्रेमला ब्लर सुटतो, बाईने मान वळवली की हमखास. म्हणून शूट करतानाच चेहरा नको. कॅमेरामनला सांगा, फक्त पायांशेजारची जमीन घे, किंवा खिडकीचा प्रकाश माझ्या पाठीमागे ठेव आणि मॉनिटर मला दाखव. मॉनिटर दाखवायला लाजणाऱ्या कॅमेरामनला चहा पाजून घरी पाठवा.

आवाज. मशीनने जाड-बारीक केलेला आवाज बऱ्याचदा पुन्हा मूळपदावर आणता येतो. शिवाय बोलायची ढब तशीच राहते, आणि गावाकडच्याला तीच पुरते. सर्वांत चांगलं म्हणजे तुमचे शब्द दुसऱ्या कुणाच्या आवाजात वदवून घ्यायचे. रेडिओवाले करतात, टीव्हीवाल्यांना थोडं जिवावर येतं, पण आग्रह धरला तर करतात.

नाव_नको यांनी हाताचं लिहिलंच आहे. गोंदण, बांगड्या, पैंजण, नेहमीची साडी, कपाळावरचा व्रण, भिंतीवरचं कॅलेंडर, देव्हारा, मुलाचं दप्तर, बाहेरची दुकानाची पाटी. मुलाखतीला कुणाचा तरी पूर्ण बाह्यांचा कुडता आणि वेगळी ओढणी घालून बसा. आणि स्वतःच्या खोलीत मुलाखत देऊच नका.

फोनचं राहिलं. पत्रकाराने रिक्षाचे पैसे यूपीआयने पाठवले की त्याला तुमचं बँकेतलं खरं नाव दिसतं. व्हॉट्सॲपचा डीपी मुलीचा असतो. ट्रूकॉलरवर कुणा गिऱ्हाइकाने तुमचा नंबर काय नावाने सेव्ह केलाय, देव जाणे. संघटनेचा एक वेगळा फोन ठेवा, पत्रकारांसाठी तेवढाच.

लाइव्ह कधीच नको. एकदा गेलं ते गेलं, कापायला आमच्या हातात काही राहत नाही.

स्मिता_फर्ग्युसन_रोड | गुरुवार, सायं. ५:१९

मी रानडेत पत्रकारिता शिकते. या सेमिस्टरला पंधरा मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची आहे आणि आमच्या ग्रुपने हाच विषय घेतलाय. धागा वाचून पोटात गोळा आलाय. विषय सोडावा का?

नाव_नको | शुक्रवार, रात्री १२:३१

सोडू नको गं. पण दर वर्षी मुलं येतात, त्याच चार जणींना विचारतात, आम्हाला पाठ झालंय. तू गिऱ्हाइकांवर कर की. ते कुठून येतात, बायकोला काय सांगतात. त्यांना कुणी विचारत नाही कसे आलात म्हणून.

टाइमलाइन | शुक्रवार, सकाळी ९:०२

😄 हा विषय आला तर एडिट फुकट करून देतो.

मधली_आळी | शुक्रवार, सकाळी ११:१०

स्मिता, डॉक्युमेंटरीवाल्यांचा एक वेगळाच ताप आहे, तो तुमच्या उपयोगाचा म्हणून लिहिते. सही करायचा कागद. इंग्रजीत असतो आणि त्यात लिहिलेलं असतं की हे चित्रण सर्व माध्यमांत, जगभर, कायमचं वापरता येईल. बाईला सांगतात, "फॉर्मॅलिटी आहे." आमच्या एकीने अंगठा दिला होता. फिल्म कॉलेजात दाखवणार म्हणाले होते, ती महोत्सव फिरून आता यूट्यूबवर आहे.

संमती कागदावरच हवी असं नाही. तिच्या भाषेत, तिच्या तोंडून, फक्त आवाजात रेकॉर्ड करा : कशासाठी, कुठे दाखवणार, काय दाखवायचं नाही, आणि अमुक तारखेपर्यंत मी नाही म्हणू शकते. कागद असेल तर मराठीत, मुदतीसह, आणि एक प्रत तिच्याकडे, नाहीतर संस्थेत.

ढोल_ताशा_कसबा | शुक्रवार, दुपारी १:४५

आमचं मंडळ बरीच वर्षं वस्तीत भाऊबीज करतं. साडी, फराळ, ओवाळणी. पेपरात फोटो येतो, तो आम्ही मुद्दाम आणतो, कारण बाकीच्यांनीही बघावं की या आपल्याच बहिणी आहेत. या धाग्यात आम्हालाही गुन्हेगारांच्या रांगेत बसवलंय असं वाटलं.

मधली_आळी | शुक्रवार, दुपारी २:२०

दादा, फराळ खरंच येतो, तुमचा आदर आहे. पण एक विचारते. ओवाळतानाच्या फोटोत ताटासमोर तुमच्या कार्यकर्त्याचा चेहरा असतो, आणि ताट धरणाऱ्या बाईचाही. तिला त्या दिवशी "फोटो नको" म्हणता येतं का? पुढ्यात साडी ठेवलेली असताना?

ढोल_ताशा_कसबा | शुक्रवार, दुपारी २:५१

नाही म्हणता येत. बरोबर आहे. पण बायका हसत असतात फोटोत.

नाव_नको | शुक्रवार, रात्री ११:२०

हसतो दादा, तुम्ही आलेलं बरं वाटतं. फोटो तुमच्या बाजूनं काढा ना. तुमचा चेहरा आणि आमचं ताट. तुम्हाला लाज नसेल तर.

ढोल_ताशा_कसबा | शनिवार, सकाळी ८:१५

यंदा तसाच काढतो. कार्यकर्त्यांना समजवायला लागेल, बघू.

सदाशिवपेठी_चष्मा | शनिवार, सकाळी १०:०१

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पर्वतीपायथा | शनिवार, सकाळी १०:३०

बरं झालं काढलंत. वाचला होता.

पैशाचं कुणी बोललं नाही. तास-दोन तास मोडतात बाईचे. त्याचे पैसे मागावेत का?

जुना_डेस्क | शनिवार, दुपारी १२:१२

बातमीसाठी पैसे घेतले की बातमीची किंमत जाते. "पैसे घेऊन बोलली" हे कुणीही म्हणायला मोकळा. आमच्या काळात तरी स्पष्ट मनाई होती.

नाव_नको | शनिवार, दुपारी ४:०५

काका, तुमच्या पेपरातल्या माणसाला पगार होता ना त्या दिवसाचा?

जुना_डेस्क | शनिवार, सायं. ५:३०

होता. तुमचं म्हणणं कळतं, पण मी माझ्या मतावर आहे. दैनिक असेल तर पैशांऐवजी वेळ तुमच्या सोयीची मागा. दुपारी, धंद्याच्या आधी, अर्धा तास, संस्थेच्या ऑफिसात. रिक्षाचे पैसे रोख घेण्यात काही गैर नाही. सिनेमा, वेब सिरीज, संशोधनवाले यांच्याकडून मात्र मानधन जरूर घ्या, ते सगळ्यांना देतात. पैसे आधी घ्या, आणि मुलाखत मधेच थांबवली तरी परत द्यायचे नाहीत हे बोलून ठेवा. नाहीतर पैसे घेतलेत म्हणून नको त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

आणि खोटं सांगू नका. जिल्हा बदलून, मुलांची संख्या बदलून सांगायचा सल्ला काही संस्था देतात. पकडलं गेलं तर सगळ्याच बाया खोट्या ठरतात. त्यापेक्षा गाळा. "हे सांगणार नाही" असं म्हटलेलं आम्हाला चालतं. गावाऐवजी "उत्तर कर्नाटक" पुरतं. नाव मात्र तिसरंच द्या : घरचंही नाही, धंद्यातलंही नाही. धंद्यातलं नाव अख्ख्या आळीला ठाऊक असतं.

पर्वतीपायथा | शनिवार, सायं. ६:००

पैशाच्या बाबतीत मी नाव_नको यांच्या बाजूने. असो.

आणि ते मोबाइल घेऊन फिरणारे व्लॉगर? त्यांना ना डेस्क ना संपादक. परवा एकाने खिशात मोबाइल ठेवून आख्खी आळी शूट केलेली बघितली, लाखांनी व्ह्यूज.

नाव_नको | शनिवार, रात्री ११:४४

त्यांना मारायचं नाही. एकीनं फोन फोडला तर दुसऱ्यानं त्याचं शूटिंग केलं, आणि तेच जास्त चाललं. आम्ही आता तोंड फिरवतो आणि एकजण मोठ्यानं ओरडते, शूटिंग चालू आहे, आम्ही परवानगी दिली नाही. त्याच्या व्हिडिओत तो आवाज जातो. गिऱ्हाईकपण पळतं, मग घरवालीच येते काठी घेऊन. 😂

काळा_कोट | रविवार, सकाळी ९:५०

"परवानगी दिली नाही" हे रेकॉर्ड होणं फार कामाचं आहे. कुणाच्या डोक्यातून आलं त्यांना नमस्कार.

आता नंतरचं, म्हणजे नको ते छापून आलं किंवा दिसलं तर. पहिल्यांदा पुरावा : लिंक, स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, अंकाचं पान. रागात फोन करून "आत्ता काढा" म्हटलं की ते काढतात आणि मग तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

छापील पेपर असेल तर आधी संपादकाला लेखी. दाद नाही मिळाली तर प्रेस कौन्सिल. दैनिक-साप्ताहिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत तक्रार जायला हवी. ते दंड करू शकत नाहीत, पण ताशेरे ओढतात, आणि संपादकाला उत्तर द्यावं लागतं. टीव्ही त्यांच्या कक्षेत येत नाही, तिथे आधी वाहिनीकडेच, आठवड्याच्या आत लिहिलेलं बरं. वेबसाइटवाल्यांना २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, नाव साइटवर तळाला असतं.

यूट्यूबवर प्रायव्हसीची तक्रार ज्याची ओळख दिसते त्यानेच करायची असते, संस्थेने परस्पर केलेली सहसा धरत नाहीत. कितव्या मिनिटाला, कशावरून ओळखू येते, हे लिहावं लागतं. म्हणून शेजारी बसून, तिच्या फोनवरून, तिच्याकडून करून घ्या. धमक्या सुरू झाल्या, किंवा व्हिडिओ दाखवून कुणी पैसे मागायला लागलं, तर तो खंडणीचा मामला आहे. सायबर पोलीस, आणि सोबत वकील. एकटीने चौकीत जाऊ नका.

मधली_आळी | रविवार, दुपारी १२:४०

कोटसाहेब, मनापासून आभार. नमुन्याची दोन पत्रं कराल का, एक संपादकाला, एक वाहिनीला? नाव-गाव मोकळं ठेवून.

सगळ्यांचं वाचून एक पक्कं झालं : बोलायचं कोणी, हे आधीच ठरलेलं असावं. सांगलीत संग्राम संस्थेने आणि व्हॅम्प या सेक्स वर्कर महिलांच्या संघटनेने, पुण्यात सहेली संघाने बायकांनी स्वतःच्या तोंडाने बोलायची पायवाट पाडलीय. आम्ही तीन-चार जणी निवडू, ज्यांच्या घरी ठाऊक आहे, ज्यांना लपवायचं काही उरलेलं नाही. पत्रकार आला की त्यांच्याकडे. बाकीच्यांनी "आमच्या ताई बोलतील" म्हणायचं. मुलाखतीला सोबत दुसरी बसेल, आणि तिने "चहा सांगू का" म्हटलं की मुलाखत थांबवायची.

कोथरूडकर_अण्णा | रविवार, दुपारी १:१५

चहाची खूण आवडली. कागदाच्या छपाईचा खर्च माझ्याकडून. बाकी मुद्द्यांवर माझे मतभेद आहेतच.

नाव_नको | रविवार, दुपारी ३:३३

ताई, त्या तीन-चार जणींचंपण बघा. दर वेळी त्याच रडणार का. मागच्या वेळी एक मुलाखतीनंतर दोन दिवस जेवली नाही, कुणी विचारलं नाही. पत्रकार गेल्यावर तिच्याबरोबर कोण बसणार तेपण कागदात लिहा.

मधली_आळी | रविवार, दुपारी ३:५०

लिहिते.

टाइमलाइन | रविवार, सायं. ४:१०

मंगळवारी मोकळा आहे. कॅमेरा घेऊन येतो, रिकामा, कार्ड न घालता. कोणत्या अँगलला काय दिसतं ते बायकांना मॉनिटरवर दाखवतो. सकाळी दहाला चालेल?

स्मिता_फर्ग्युसन_रोड | रविवार, सायं. ४:२५

मीही येऊ का? शूट करायला नाही. कन्नड येतं मला, आई धारवाडची. कागद वाचून दाखवीन.

नाव_नको | रविवार, सायं. ५:०२

ये. पण दहाला नको दादा, एकच्या आत कुणी उठत नाही इथं. दीडला या. तेलुगूवाली मी बघते.